जुन्या मोटारसायकलची योग्यता तपासणी

जुन्या मोटारसायकलची योग्यता तपासणी म्हणजे पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खासगी दुचाकीच्या नोंदणीचे नूतनीकरण करण्यापूर्वी परिवहन विभागाकडून होणारी वाहनाची पाहणी होय. महाराष्ट्रात बोलीभाषेत तिला 'पासिंग' किंवा 'रिपासिंग' असे म्हणतात. वाहन रस्त्यावर चालवण्यास यांत्रिकदृष्ट्या योग्य आहे काय, त्याचा धूर विहित मर्यादेत आहे काय आणि नोंदणी पुस्तकात वर्णन केलेले वाहन तेच आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे या पाहणीत शोधली जातात. निगा राखलेली पंधरा-वीस वर्षांची मोटारसायकल या तपासणीत सहसा उत्तीर्ण होते. जी अडते, ती इंजिनाच्या वयामुळे क्वचितच अडते. टायर, दिवे, ब्रेक यांसारखे झिजणारे व तुलनेने स्वस्त भाग, पुसट झालेला चेसी क्रमांक आणि अपुरी कागदपत्रे ही अडण्याची नेहमीची कारणे आहेत.

कायदेशीर आधार

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४१ नुसार खासगी म्हणजे परिवहनेतर वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. रिक्षा, ट्रक, बस यांसारख्या परिवहन वाहनांना कलम ५६ नुसार वेगळे योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारसायकलीला तसे वेगळे प्रमाणपत्र नसते, तिची वैध नोंदणी हाच तिच्या योग्यतेचा दाखला मानला जातो. म्हणूनच पंधरा वर्षांपर्यंत खासगी दुचाकीची कोणतीही सरकारी यांत्रिक तपासणी होत नाही. या दीर्घ काळात तिच्यावर कायद्याची जी नियमित नजर असते, ती केवळ धुराच्या प्रमाणपत्राची, म्हणजे 'पीयूसी'ची.

'पंधरा वर्षे झाली की गाडी बाद' असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. पंधरा वर्षे ही मोटारसायकलच्या आयुष्याची मर्यादा नसून पहिल्या नोंदणीची मुदत आहे. दिल्ली आणि लगतचा राष्ट्रीय राजधानी प्रदेश मात्र याला अपवाद ठरला. तेथे पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहने व दहा वर्षांवरील डिझेल वाहने रस्त्यावर आणण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मनाई केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच आदेश कायम ठेवला. पुढे २०२५ मध्ये त्या आदेशाच्या अंमलबजावणीत न्यायालयाने बदल केले. महाराष्ट्रात अशी सरसकट बंदी नाही. तेथील बातम्या येथे वाचून चांगल्या गाड्या भंगाराच्या भावात विकल्या जातात, हे त्या समजाचे नुकसान होय.

अर्ज आणि पाहणी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५२ प्रमाणे नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये करावयाचा असतो. मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत तो करता येतो. अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा आणि पीयूसी लागते. ठरलेल्या दिवशी वाहन प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात प्रत्यक्ष न्यावे लागते आणि तेथे मोटार वाहन निरीक्षक त्याची पाहणी करतात.

खासगी दुचाकीच्या बाबतीत ही पाहणी प्रामुख्याने डोळ्यांची आणि हातांची असते. निरीक्षक चेसी व इंजिन क्रमांक पाहतात, दिवे लावून-विझवून पाहतात, हॉर्न वाजवतात, ब्रेक दाबतात, टायरांवरून नजर फिरवतात, हँडल हलवून पाहतात. रोलरवर चाक फिरवून ब्रेकची शक्ती मोजणे, यंत्राने दिव्याच्या झोताची दिशा तपासणे असे मोजमाप स्वयंचलित तपासणी केंद्रांत होते. या केंद्रांची मान्यता व कामकाज यांचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. मोजमापाची पद्धत आली की निकालातील माणसाचा अंदाज कमी होतो. एका निरीक्षकाला 'चालेल' वाटणारा ब्रेक दुसऱ्याला वाटणार नाही, हा डोळ्यांच्या तपासणीचा जुना दोष आहे.

एक तत्त्व येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जुन्या वाहनाला त्याच्या उत्पादनाच्या काळातील नियम लागू होतात. १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या मोटारसायकलींना २०१८-१९ पासून 'एबीएस' ही चाक न अडकू देणारी ब्रेकप्रणाली सक्तीची झाली. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. या सोयी २००८ च्या गाडीत नाहीत म्हणून ती नापास होत नाही. मात्र जे भाग तिच्यात मूळचे होते, ते चालू स्थितीत असावेच लागतात. 'जुनी गाडी आहे, इंडिकेटर कधीच बंद पडले' हे उत्तर चालत नाही.

ओळख: चेसी क्रमांक

ज्याला गाडीचे वय खरोखर बाधते असा भाग शोधायचा झाला, तर तो इंजिनात नव्हे, हँडलच्या खाली सापडतो. बहुतेक मोटारसायकलींचा चेसी क्रमांक हँडल ज्या नळीत फिरते त्या नळीच्या बाजूला, लोखंडावर ठोकलेला असतो. इंजिन क्रमांक इंजिनाच्या खालच्या कवचावर असतो. चेसी क्रमांकाच्या जागेवरून क्लच, ॲक्सिलरेटर व ब्रेक यांच्या केबली आणि वायरींचे जुडगे जाते. हँडल वळले की ती सारी तेथे घासतात. तेथे रंग जातो, ओल साचते, गंज धरतो. कोकणातील खाऱ्या, दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. पंधरा वर्षांनी तेथे 'तीन' आहे की 'आठ', हे सांगणे कठीण होऊन बसते.

अर्जावर या क्रमांकाचा ठसा द्यावा लागतो. त्याची रीत साधी आहे. क्रमांकावर पेन्सिलचे शिसे घासायचे, त्यावर चिकटपट्टी दाबायची, ती उचलून कागदावर चिकटवायची. अक्षरे खोल असतील तर ठसा स्वच्छ उमटतो. गंजाने अक्षरांच्या कडा खाल्ल्या असतील तर चिकटपट्टीवर नुसता काळा डाग येतो.

गंजाइतकेच नुकसान हौसेनेही होते. जुनी गाडी नवी करून घेताना सांगाडा सँडब्लास्ट करून त्यावर पावडर कोटिंग करण्याची पद्धत रूढ झाली आहे. हा थर साध्या रंगापेक्षा जाड असतो आणि उथळ झालेली अक्षरे त्याखाली बुजून जातात. हजारो रुपये खर्चून चकचकीत केलेली गाडी ओळख पटत नाही म्हणून अडते आणि तिच्याशेजारी उभी असलेली धुळकट गाडी पुढे जाते. कोटिंगला देण्यापूर्वी क्रमांकाच्या जागेवर उष्णता सोसणारी पट्टी लावून ती झाकून घेणे हा यावरचा सोपा उपाय आहे. गंज नुकताच धरला असेल तर तो मऊ ब्रशने व रॉकेलने साफ करावा. तेथे कानस किंवा पॉलिश पेपर वापरू नये, कारण घासलेला क्रमांक पुसट क्रमांकापेक्षा अधिक संशयास्पद दिसतो. क्रमांक अगदीच गेला असेल तर परिवहन कार्यालयाच्या लेखी परवानगीने तो पुन्हा ठोकून घ्यावा लागतो. स्वतःच्या मनाने तो ठोकून घेणे हा गुन्हा ठरू शकतो, कारण चोरीच्या गाडीची ओळखही याच मार्गाने बदलली जाते.

ओळख: कागदपत्रे

कागदांच्या अडचणी यंत्राच्या अडचणींपेक्षा जास्त दिवस खातात. कर्ज फिटून दहा वर्षे झाली, तरी नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो. तो उतरवण्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो. दरम्यान त्या बँकेचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झाले असेल, तर कोणत्या शाखेकडे जावे येथपासून शोध सुरू होतो.

याहून गुंतागुंतीचा प्रकार म्हणजे कागदावर न बदललेली मालकी. ग्रामीण भागात मोटारसायकल एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती सही केलेल्या कोऱ्या फॉर्मांवर. तिसऱ्या मालकाकडे गाडी येते तेव्हा पहिला मालक गावात नसतो किंवा हयात नसतो. मूळ मालक मरण पावला असल्यास वारसाने नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो. वारस आणि आजचा वापरकर्ता एकच नसतील, तर आधी वारसाच्या नावावर आणि मग वापरकर्त्याच्या नावावर असा प्रवास होतो. संगणकीकरणापूर्वी नोंदलेल्या काही गाड्यांची माहिती 'वाहन' या मध्यवर्ती प्रणालीत नसते. ती आधी मूळ कार्यालयाच्या नोंदवहीवरून चढवून घ्यावी लागते.

ज्याचा उदरनिर्वाह त्या गाडीवर आहे, त्याला हे सारे महाग पडते. दूध घालणारा, भाजी घेऊन बाजाराला जाणारा, पाड्यावरच्या शाळेत रोज जाणारा शिक्षक, अशांच्या हाती असलेली गाडी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मालकीची असते. नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीला अपघात झाला तर विम्याची भरपाई वादात सापडते, आणि त्या वादात तिऱ्हाईत जखमीही भरडला जातो.

यांत्रिक भाग

यांत्रिक तपासणीत नापास होण्याची कारणे पाहिली तर त्यांतील बहुतेक वस्तू कोपऱ्यावरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. दिव्याचा बल्ब, ब्रेक दिव्याचा स्विच, इंडिकेटरचा फ्लॅशर, हॉर्न, आरसा यांचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे. तरीही गाड्या याच कारणांनी परत पाठवल्या जातात, कारण चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा दिसत नाही. मागचा ब्रेक दिवा पेडलाला जोडलेल्या एका स्प्रिंगवर चालतो. चिखलाने ती स्प्रिंग गंजून तुटली तर ब्रेक लागतो, पण दिवा लागत नाही. मागून येणाऱ्याला मात्र त्याच दिव्याची गरज असते.

सहा व्होल्टच्या जुन्या गाड्यांची, उदाहरणार्थ राजदूत किंवा जुन्या बुलेट यांची, गोष्ट थोडी वेगळी आहे. इंजिन मंद गतीवर असताना त्यांचा दिवा मुळातच मिणमिणता असतो आणि गती वाढली की उजळतो. हा बिघाड नव्हे, त्या रचनेचा स्वभाव आहे. परंतु वायरींचे सांधे व जमिनीची जोडणी गंजलेली असेल तर असलेला उजेडही अर्धा होतो. सांधे घासून साफ केल्यास तो परत मिळतो.

टायरच्या बाबतीत नियम ९४ ने मोजमाप घालून दिले आहे. दुचाकी व तिचाकी वाहनांच्या टायरवरील खाचांची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. इतर वाहनांसाठी हीच मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर त्यांच्या पातळीपर्यंत झिजला म्हणजे तो बदलायला झाला. जुन्या पण कमी चाललेल्या गाडीत उलट प्रकार आढळतो. खाचा नव्यासारख्या असतात आणि रबर मात्र दगडासारखे टणक झालेले असते. टायरच्या कडेवर चार अंकी संख्या असते. तिचे पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा व शेवटचे दोन अंक वर्ष दाखवतात. '२३१५' म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. नियमातील मोजमाप खोलीचे आहे, वयाचे नाही, म्हणून असा टायर तपासणीत सुटू शकतो. पहिल्या पावसात ओल्या डांबरावर तो सुटत नाही.

ड्रम ब्रेक असलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये ब्रेकच्या झाकणावर एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला, तर आतील ब्रेक शू झिजले असे समजावे. केबल किंवा रॉडची चाकी आवळत राहिल्याने ब्रेक काही काळ 'लागतो', पण ती झीज लपवलेली असते. डिस्क ब्रेकमध्ये पॅडची जाडी व ब्रेक ऑइलचा रंग पाहावा. हे तेल हवेतील पाणी शोषते, त्यामुळे वर्षानुवर्षे न बदललेल्या तेलात सतत ब्रेक मारल्यावर वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर पोकळ लागते.

वयाचा खरा परिणाम सांध्यांवर दिसतो. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवले असता मध्यावर ते किंचित अडकत असेल, तर हँडलच्या 'कोनसेट'मध्ये खड्डे पडले आहेत असे समजावे. मागचे चाक धरून आडवे हलवले असता हालचाल जाणवली, तर चाकाचे बेअरिंग किंवा चिमट्याचे बुश गेलेले असते. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओला वेढा दिसला, तर ऑइल सील फुटले आहे. हे तेल ओघळून पुढच्या ब्रेकवर जाऊ शकते, म्हणून याकडे केवळ अस्वच्छता म्हणून पाहू नये. चेन सैल असणे किंवा तिच्या दातेरी चक्राचे दात आकड्यासारखे वळणे हा दोषही डोळ्यांना सहज दिसतो.

भारतीय नियमांत एक तरतूद अशी आहे की जी अन्य देशांतील वाचकाला नवलाची वाटेल. नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरण्याची सोय, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी मोटारसायकलीला असली पाहिजे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत, हा तिचा हेतू आहे. बोलीत तिला 'साडी गार्ड' म्हणतात. गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून ती पहिल्याच वर्षी काढून टाकली जाते आणि पंधरा वर्षांनी पासिंगच्या आदल्या दिवशी तिचा शोध सुरू होतो. पदर किंवा ओढणी चाकात जाऊन होणारे अपघात पाहता ही जाळी काढण्याची पद्धत निव्वळ अविचाराची आहे.

धुराची तपासणी

पीयूसी चाचणीत इंजिन मंद गतीवर चालू ठेवून धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे शेकडा प्रमाण आणि हायड्रोकार्बनचे दशलक्षांश प्रमाण मोजतात. मर्यादा गाडीच्या उत्पादनकाळानुसार बदलते. ३१ मार्च २००० पर्यंत तयार झालेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची ४.५ टक्के व हायड्रोकार्बनची ९००० ही मर्यादा आहे. त्यानंतरच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के असून हायड्रोकार्बनची मर्यादा टू-स्ट्रोक इंजिनाला ६००० आणि फोर-स्ट्रोक इंजिनाला ४५०० आहे. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहा गाड्यांच्या मर्यादा याहून कितीतरी कडक आहेत.

टू-स्ट्रोक इंजिनाला सवलत का, हे त्याच्या रचनेतून कळते. राजदूत, येझदी किंवा १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली यामाहा आरएक्स १०० यांच्या इंजिनात ताजे मिश्रण आत येणे आणि जळलेला वायू बाहेर जाणे या क्रिया काही क्षण एकाच वेळी चालतात. त्यामुळे थोडे पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जाते. शिवाय वंगणाचे तेल पेट्रोलसोबतच जळते, म्हणून निळसर धूर येतो. फोर-स्ट्रोक इंजिनात तेल जळायला नको. १९९४ मध्ये आलेल्या हीरो होंडा स्प्लेंडरसारख्या फोर-स्ट्रोक गाडीतून निळा धूर निघत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजली आहेत असा त्याचा अर्थ होतो आणि त्यासाठी इंजिन उघडावे लागते.

पण अपयशाची बहुतेक कारणे इंजिन उघडण्याइतकी खोल नसतात. कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर मिश्रणात पेट्रोलचा अंश जास्त आहे, असे समजावे. याची कारणे बहुधा चोक अडकणे, एअर फिल्टर चोंदणे किंवा कार्ब्युरेटरचा स्क्रू चुकीचा बसणे ही असतात. हायड्रोकार्बन जास्त आले तर ठिणगी नीट पडत नाही, म्हणून स्पार्क प्लग, पॉइंट आणि टॅपेट पाहावेत. इंजिन गार असताना चाचणी दिली तर निरोगी गाडीही नापास होऊ शकते. दहा-पंधरा मिनिटे चालवून, चोक बंद करून मगच चाचणीला उभे राहावे. काही मेकॅनिक चाचणीपुरते मिश्रण पातळ करून देतात आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू पूर्ववत फिरवतात. प्रमाणपत्र मिळते, धूर मात्र जिथल्या तिथे राहतो.

बदल केलेल्या गाड्या

कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद अधोरेखित केली. मोटारसायकलच्या बाबतीत सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बुलेटची बदललेली पुंगळी. आवाज अडवणारा आतला भाग काढलेला सायलेन्सर पाहणीत उभा राहत नाही. रुंद हँडल, कापलेला सांगाडा, छोटी नंबरपाटी हेही अडथळे ठरतात. नंबरपाटीबाबत महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही उच्च सुरक्षा पाटी बसवणे बंधनकारक झाले आहे.

इंजिन बदलणे हा यातला प्रामाणिक माणसाला फसवणारा प्रकार आहे. इंजिन बिघडले म्हणून त्याच जातीचे वापरलेले इंजिन बाजारातून आणून बसवले जाते आणि गाडी उत्तम चालते. परंतु नोंदणी पुस्तकावरचा इंजिन क्रमांक जुनाच राहतो. पाहणीत क्रमांक जुळत नाही आणि आणलेल्या इंजिनाची पावती नसेल तर ते कोठून आले हे सिद्ध करता येत नाही. बदल करतानाच कार्यालयाला कळवून नोंद करून घेतली तर हा प्रश्न उद्भवत नाही.

वय आणि निकाल: ब्रिटनशी तुलना

वयाचा निकालाशी संबंध पाहण्यासाठी ब्रिटनचे उदाहरण उपयोगी आहे, कारण तेथे तपासणी दरवर्षी होते आणि तिचे निकाल सरकार प्रसिद्ध करते. 'एमओटी' या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी १९६० मध्ये दहा वर्षांवरील वाहनांसाठी सुरू झाली. १९६७ पासून ती तीन वर्षांवरील वाहनांना लागू आहे. तेथे मोटारसायकलींचे पहिल्या खेपेस नापास होण्याचे प्रमाण कारपेक्षा स्पष्टपणे कमी असते आणि नापास होण्याच्या कारणांत दिवे व सूचक यंत्रणा अग्रभागी असते. चाळीस वर्षांवरील, मोठा बदल न झालेल्या वाहनांना मे २०१८ पासून तेथे या चाचणीतून सूट आहे. अशा गाड्या कमी चालतात आणि त्यांचे मालक त्यांची निगा राखतात, असा त्यामागचा विचार आहे.

हा निष्कर्ष जसाच्या तसा महाराष्ट्राला लावता येत नाही. ब्रिटनमध्ये मोटारसायकल बव्हंशी हौसेची वस्तू असते. ती उन्हाळ्यात निघते आणि हिवाळ्यात झाकून ठेवली जाते. आपल्याकडे ती कष्टाची सोबतीण आहे. तीन माणसे, दुधाचे दोन कॅन किंवा गवताचा भारा घेऊन ती बारा महिने खड्ड्यांतून चालते. तिची पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी न होता सोळाव्या वर्षाच्या तोंडाशी होते. ब्रिटिश मालकाला दरवर्षी एखादा बल्ब बदलावा लागतो, तर आपल्या मालकाच्या वाट्याला पंधरा वर्षांचे साचलेले काम एकाच आठवड्यात येते.

उत्तीर्ण होणे आणि सुरक्षित असणे

तपासणी ही त्या दिवसाची, त्या क्षणाची असते. तिच्या नूतनीकरणाची मुदत मात्र पाच वर्षांची आहे. ब्रेक शू, टायर आणि चेन यांचे आयुष्य त्याहून पुष्कळ कमी असते. पासिंगसाठी मेकॅनिककडून चांगले टायर व सायलेन्सर उसने आणून बसवायचे आणि परतताना काढून द्यायचे, हा प्रकारही अपरिचित नाही. सांगाड्याच्या जोडावरील आतला गंज, अपघातात वाकवून सरळ केलेला फोर्क, चाकाच्या आऱ्यांचा ढिलेपणा या गोष्टी घाईच्या पाहणीत निसटू शकतात.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होती. यातील मोठा वाटा वेग, हेल्मेटचा अभाव आणि समोरच्या वाहनाची चूक यांचा असतो, त्यामुळे सगळा दोष जुन्या गाड्यांवर ढकलता येणार नाही. तरीही दोन चाकांच्या वाहनात एका टायरची किंवा एका ब्रेकची हार भरून काढायला तिसरे चाक नसते.

शुल्क आणि मोडीत काढणे

एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलच्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० वरून १,००० रुपये झाले. मुदतीत नूतनीकरण न केल्यास विलंबाच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपये अधिक आकारण्याची तरतूद त्याच वेळी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारसायकलीसाठी हे शुल्क २,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात याशिवाय २०१० पासून पर्यावरण कर आहे. पंधरा वर्षांवरील दुचाकीसाठी त्याचा दर पाच वर्षांना २,००० रुपये ठरवण्यात आला. दुरुस्ती, विमा आणि नंबरपाटी धरता हा खर्च कधी कधी गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जातो. दोन-तीन वर्षे विलंब झालेल्या गाडीबाबत तर दंडच निर्णय करून टाकतो. म्हणून मुदत संपण्याची तारीख पाहून साठ दिवस आधी कामाला लागणे हेच किफायतशीर असते.

जी गाडी दुरुस्तीपलीकडे गेली आहे, ती २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रात देता येते. तेथे मिळणारे प्रमाणपत्र दाखवल्यास नव्या खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. गल्लीतल्या भंगारवाल्याला गाडी दिली तर नोंदणी रद्द होत नाही आणि तिच्या क्रमांकाचा गैरवापर झाल्यास कागदोपत्री मालक जबाबदार राहतो.

पन्नास वर्षांवरील गाड्या

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत स्वतंत्र तरतूद झाली. अशा 'विंटेज' गाडीला 'व्हीए' अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आहे. ही गाडी प्रदर्शन, विंटेज फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी ती चालवता येत नाही. १९५५ पासून मद्रासमध्ये बनू लागलेल्या बुलेटच्या पहिल्या पिढ्या आणि १९६० च्या दशकातील जावा या प्रवर्गात बसतात. ज्यांच्या घरी अशी गाडी अजून रोज बाजाराला जाते, त्यांनी विंटेज नोंदणी न घेता दर पाच वर्षांचे साधे नूतनीकरणच चालू ठेवावे लागते.